जुनी गाडी ओढत नाही, तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचे मूळ एकच आहे. गाडी सुरू होते, चालते, पण ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही. तिन्ही गाड्या जुन्या आहेत. लक्षणे मात्र वेगवेगळी असल्यामुळे उत्तरेही वेगळी द्यावी लागली. पहिल्या पत्रातील तक्रार सर्वांत अधिक प्रमाणात आढळणारी आहे, म्हणून तिच्यासाठी अधिक जागा घेतली आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१० सालची सात आसनी डिझेल गाडी आहे. इंजिन कॉमन रेलचे असून टर्बो व इंटरकूलर आहे. आजवर १ लाख ९० हजार किलोमीटर झाले. गेल्या कापूस वेचणीच्या हंगामापासून गाडीचा पिकअप पार उतरला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी आरपीएमचा काटा २५०० च्या वर मोठ्या कष्टाने जातो, मागे काळा धूर सुटतो, आणि यवतमाळकडे येताना ज्या चढणीवर पूर्वी चौथा गिअर चालत असे, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की पाच-दहा मिनिटे ती बरी चालते. अधूनमधून मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागतो. एका गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलून घेतला, फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी टर्बो गेला असे सांगून चाळीस हजारांचा खर्च काढला आहे. गावात रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर हीच गाडी निघते, त्यामुळे ती भरवशाची असणे आवश्यक आहे. टर्बो बदलावा काय?
— एक शेतकरी वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलण्याचा विचार तूर्त थांबवावा. तो खराब नसेलच असे माझे म्हणणे नाही. परंतु आपण लिहिलेली लक्षणे पाहता टर्बोपर्यंत पोहोचण्याआधी तपासण्यासारखे बरेच काही आहे, आणि त्यातील बहुतेक तपासण्यांना पैशापेक्षा वेळच अधिक लागतो.

आपल्या पत्रात निदानाचे दोन मोठे धागे आहेत. गाडी बंद करून सुरू केली की ती काही वेळ बरी चालते, हा पहिला धागा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील हवेचा दाब, उतरले असेल, तर चावी फिरवल्याने ते परत येत नाही. चावी बंद-चालू केल्याने जो दोष काही काळ नाहीसा होतो, तो बहुतेक वेळा इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे मिस्त्री मंडळी ज्याला ईसीएम म्हणतात त्याने, स्वतःहून घातलेला लगाम असतो. हवेचा दाब किंवा डिझेलचा दाब जेवढा असायला हवा तेवढा मिळत नाही असे सेन्सरकडून कळले, की इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ईसीएम डिझेल कमी करतो आणि गाडी कशीबशी घरापर्यंत पोहोचेल एवढीच ताकद देतो. गाडी पुन्हा सुरू केल्यावर हिशेब नव्याने सुरू होतो, आणि तोच दोष पुन्हा दिसेपर्यंत गाडी मोकळी धावते.

दुसरा धागा काळ्या धुराचा आहे. सिलिंडरमध्ये गेलेल्या डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते अर्धवट जळून काजळी होते, आणि तीच काळा धूर म्हणून बाहेर पडते. आपल्या गाडीला डिझेल मिळते आहे, हवा मिळत नाही, असा याचा सरळ अर्थ निघतो. डिझेल फिल्टर तुंबला असता तर गाडी मंद झाली असती, पण असा काळा धूर सुटला नसता. त्यामुळे तो फिल्टर बदलून फरक पडला नाही यात नवल नाही. शोध हवेच्या वाटेवरच घ्यायला हवा.

तरीही सुरुवातीचा अर्धा तास एका वेगळ्या गोष्टीसाठी द्यावा. इंजिन ताकद निर्माणच करत नाही, की निर्माण झालेली ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही, याचा निकाल आधी लावावा. दोन लाख किलोमीटरच्या आसपास आलेल्या गाडीत क्लच प्लेट झिजलेली असणे अगदी शक्य आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा झरझर वर गेला आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. काटा आणि वेग दोन्ही मिळून हळूहळू वाढले, तर क्लच ठीक आहे. त्यानंतर ब्रेक पाहावेत. आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटच्या टप्प्यात शक्यतो ब्रेक न वापरता गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्यावा, टेकवू नये. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागले, तर त्याचे ब्रेक अडकून राहतात असे समजावे. पावसाळ्यात चिखलातून हिंडणाऱ्या गाड्यांच्या ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून धरतात आणि चालकाला वाटते की इंजिनात दम राहिला नाही. आपल्या गाडीला काळा धूर आहे, त्यामुळे मूळ दोष इथे निघण्याची शक्यता कमी. पण जुन्या गाडीत दोन दोष एकत्र नांदू शकतात, म्हणून हे पाहूनच पुढे जावे.

आता हवेची वाट. एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरुवात करावी. "फिल्टर नुकताच बदलला आहे" या उत्तरावर विश्वास ठेवू नये, डबा उघडून स्वतः पाहावा. हे मी एका अनुभवावरून लिहितो आहे. वणी भागातील एका गाडीची हीच तक्रार घेऊन तिचे मालक आले होते. फिल्टर बदलून तीनच महिने झाले होते, म्हणून कोणी डबा उघडला नव्हता. झाकणाच्या क्लिपा सोडल्या, तर फिल्टरच्या घड्यांवर ओंजळभर कापूस दाबून बसवलेला, त्याखाली कुरतडलेल्या सरकीचा थर, आणि कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या. ज्या खोलीत कापसाची गंजी रचली होती तिच्या भिंतीलाच गाडी लागत असे, आणि उंदराने हवा आत घेणाऱ्या नळीतून वाट काढून डब्यात घर केले होते. इंजिन चार बोटांच्या फटीतून श्वास घेत होते. आपल्याही गाडीचा त्रास वेचणीच्या हंगामापासून सुरू झाला आहे, म्हणून हा प्रसंग मुद्दाम सांगितला. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरमध्येही भुसा असाच भरतो, आणि तिथे कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

डबा स्वच्छ निघाला, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत, आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी होज पाइप पाहावेत. बहुतेक गॅरेजमध्ये नजर घसरते ती इथेच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. दहा-बारा उन्हाळे काढलेले रबर कडक होते, क्लिपजवळ किंवा वळणाच्या आतल्या बाजूला त्याला चीर पडते. ही चीर गाडी उभी असताना मिटलेली असते. भार पडून टर्बोचा दाब वाढला की ती ओठासारखी उघडते आणि दाबलेली हवा बाहेर निघून जाते. म्हणून उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर देऊन ती सापडत नाही. तिची खूण वेगळी असते. टर्बोमधून येणाऱ्या हवेत तेलाचा किंचित अंश असतो, त्यामुळे चिरेभोवती तेलकट, काळपट धूळ चिकटते. पाइप हाताने पिळून, वाकवून, खालच्या बाजूला आरसा धरून पाहावे. पूर्वी टर्बोची बारीक शिट्टी ऐकू येत असेल आणि आता चढावर "फस्स" असा आवाज येत असेल, तर पाइपावरचा संशय आणखी पक्का होतो.

चीर डोळ्यांना दिसली नाही तर इंजिन बंद असताना हवेच्या वाटेचे तोंड झाकणाने बंद करून आत थोडी हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. यासाठी दाब एक बारच्या आतच ठेवावा आणि त्यासाठी रेग्युलेटर असलेलाच कॉम्प्रेसर वापरावा. पंक्चरच्या दुकानातील टाकीत आठ-दहा बार दाब असतो. तो थेट सोडला तर पाइप उडून माणसाला लागू शकतो.

या होज पाइपांइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. आपल्या गाडीच्या पिढीतील अनेक टर्बोंची पाती किंवा झडप व्हॅक्यूमवर हलते. व्हॅक्यूम पंपापासून निघालेली पेन्सिलीहून बारीक रबरी नळी विजेवर चालणाऱ्या एका सोलेनॉइड झडपेत जाते आणि तिथून टर्बोवरच्या डबीत. या नळीला टोकाशी चीर पडली किंवा उंदराने ती कुरतडली, की डबीची दांडी ओढली जात नाही आणि चांगला टर्बोही नुसता फिरत राहतो. पातीवाला टर्बो असेल तर इंजिन सुरू होताच ही दांडी ओढली जाताना आणि बंद केल्यावर सुटताना डोळ्यांनी दिसते. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने टॉर्च धरून पाहावे. दांडी हललीच नाही, तर नळी काढून तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली नाही तर दोष डबीच्या अलीकडे, नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा पंपात आहे. यासोबत ब्रेकचे पेडलही पूर्वीपेक्षा कडक झाले असेल, तर व्हॅक्यूम पंपच अशक्त झाल्याची शंका घ्यावी, कारण ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो. अशा वेळी तो आधी दुरुस्त करावा. तो प्रश्न पिकअपचा राहत नाही, ब्रेकच्या भरवशाचा होतो.

चौथी जागा ईजीआर झडपेची. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ही झडप काजळीने उघडीच अडकून राहिली, तर ताज्या हवेची जागा धूर घेतो. परिणाम तोच, काळा धूर आणि मंद गाडी. ती काढून योग्य द्रावणाने साफ करता येते. आतील पट्टी हाताने उघडमीट होऊन पूर्ण बसते की नाही ते पाहावे. पत्रा लावून ही झडप कायमची बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो मानू नये. त्याने हवेतील विषारी वायू वाढतात, आणि अपेक्षेप्रमाणे वायू येत नाही हे कळून काही गाड्यांचे ईसीएम पुन्हा तोच लगाम घालतात.

एवढे पाहून झाल्यावर, किंवा खरे तर याच्यासोबतच, गाडी ईसीएममधील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर घ्यावी. मात्र नुसता फॉल्ट कोड वाचून परत येऊ नये. आपल्या लक्षणांवरून पी ०२९९ हा कोड निघण्याची शक्यता दिसते. त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढाच होतो. टर्बो खराब आहे असा तो होत नाही. फाटक्या पाइपालाही हाच कोड येतो, आणि कुरतडलेल्या नळीलाही. आपल्याला टर्बो गेल्याचे सांगण्यात आले, ते केवळ हा कोड पाहून सांगितले असावे असे मला वाटते.

स्कॅनरवर चालू आकडे पाहण्याचा आग्रह धरावा. इंजिन बंद ठेवून नुसती चावी लावली, तर हवेच्या दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. आपला प्रदेश समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटर उंचीवर असल्याने तो सुमारे ९६-९७ किलोपास्कल येतो. इथेच तो ८० किंवा ११५ दाखवत असेल, तर सेन्सर खोटे बोलतो आहे किंवा काजळीने बुजला आहे. आकडा बरोबर असेल तर मिस्त्रींना शेजारी बसवून, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा आणि ईसीएमने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, असे दोन आकडे एकाच वेळी पाहावेत. निरोगी इंजिनात प्रत्यक्ष दाब २०० किलोपास्कलच्या आसपास किंवा त्याहून वर जातो आणि मागणीच्या मागोमाग धावतो. मागणी २१० ची आणि मिळकत १३० ची, असे चित्र दिसले तर हवा कुठेतरी गळते आहे किंवा टर्बो हलत नाही. त्याच वेळी रेलमधील, म्हणजे सर्व सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतील, डिझेलचा दाबही पाहून घ्यावा. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना, २५०-३०० बारच्या आसपास असणारा हा दाब पूर्ण भारावर हजार बारच्या पुढे जातो. तो मागणीबरोबर राहिला, तर डिझेलची बाजू निर्दोष ठरते.

पाइप, नळ्या, सोलेनॉइड, ईजीआर आणि सेन्सर हे सर्व ठीक निघाले, तरच टर्बोला हात लावावा. इंजिन थंड आणि बंद असताना त्याच्या तोंडावरचा पाइप काढून मधल्या दांड्याचे टोक दोन बोटांत धरावे. बाजूला किंचित हालचाल होणे स्वाभाविक आहे, कारण तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मात्र आत-बाहेर हालचाल जाणवत असेल, पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, किंवा पाइपात तेल साचलेले असेल, तर टर्बो झिजला आहे हे मान्य करावे. त्या स्थितीतही तो का झिजला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याचा सारा जीव इंजिन ऑइलवर असतो. ऑइल आणणारी बारीक नळी जळक्या तेलाने अर्धी बुजलेली असेल आणि ती तशीच ठेवली, तर आपले चाळीस हजार काही महिन्यांत वाया जातील.

तपासणी झाल्यावर काय निघाले ते अवश्य कळवावे. आपली गाडी गावाच्या अडीनडीला धावते, म्हणून तिच्या उत्तराची मलाही काळजी आहे.

प्रश्न : आमची २००८ सालची कॉमन रेल डिझेल गाडी पावसाळ्यात सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांपासून झटके देते. धूर नाही, टर्बोच्या शिट्टीत फरक नाही, क्लच नवा आहे. भरधाव असताना एकदम ताकद जाते, थोडे थांबले की परत येते. ट्रॅक्टरसाठी शेतावर डिझेलचा ड्रम भरून ठेवतो, घाईच्या वेळी त्यातलेच डिझेल या गाडीतही टाकतो. नोझल बदलायला सांगितले आहे.
— एक वाचक, मंगरुळपीर तालुका, जि. वाशीम

उत्तर : आपली लक्षणे पहिल्या पत्राच्या बरोबर उलट आहेत. ताकद जाते पण काळा धूर येत नाही, म्हणजे इंजिनाला हवा मिळते आहे आणि डिझेल अपुरे पडते आहे. ड्रमचा उल्लेख आपण सहज केला असला तरी माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम पावसाळ्यात पाणी पितो. वरच्या झाकणाच्या कडेच्या आत पावसाचे पाणी साचते. दिवसा उन्हाने ड्रममधील हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार होऊन आक्रसते, आणि त्या वेळी झाकणाच्या आट्यांमधून साचलेले पाणी थेंबाथेंबाने आत ओढले जाते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते, आणि तळापर्यंत नळी बुडवून काढलेले डिझेल ते पाणी आणि गंज सोबत घेऊन येते. जुन्या ट्रॅक्टरचा पंप हे काही काळ सोसतो. कॉमन रेलचा पंप सोसत नाही, कारण त्याच्या आतील भागांना वंगण डिझेलचेच असते आणि त्यांच्यातील फट केसाहूनही कितीतरी बारीक असते. याच कारणासाठी डिझेलमध्ये रॉकेल मिसळणेही या पंपाला घातक ठरते.

प्रथम डिझेल फिल्टरच्या बुडाशी असलेला पाणी काढण्याचा स्क्रू सैल करून खाली पांढरी काचेची बाटली धरावी. बाटली रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी आहे. तळाशी तपकिरी गाळ असेल तर टाकी उतरवून धुऊन घेण्याला पर्याय नाही. टाकीतील जाळी बुजलेली असली की नेमके आपण लिहिता तसेच होते. वेगात मागणी वाढते, जाळीवर कचरा चिकटून वाट बंद होते, थांबल्यावर कचरा खाली बसतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. त्यानंतर जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहावा. त्यावर चांदीसारखी चकचकीत बारीक पूड दिसली, तर गाडी त्याच क्षणी उभी करावी. पंप आतून झिजत असल्याची ती खूण असते, आणि तशी गाडी चालवत राहिल्यास ती पूड रेलमधून चारही नोझलमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांत, जाते.

पूड नसेल, तर फिल्टरकडे येणाऱ्या वाटेवर तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू असताना बुडबुडे वाहताना दिसतात काय ते पाहावे. दिसले तर एखाद्या सांध्यातून गाडी हवा ओढते आहे. एक वॉशर किंवा एक क्लिप बदलल्याने काम होऊन जाते.

नोझलवर शेवटी यावे, आणि तेही बदलण्यासाठी नव्हे तर तपासण्यासाठी. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडाव्यात आणि इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलवर चालवावे. चारही बाटल्यांत जवळजवळ सारखे डिझेल जमले तर नोझल दोषी नाहीत. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट जमले, तर तो एक नोझल दाब गळू देतो आहे, आणि तो एकच डिझेल पंप लॅबमध्ये द्यावा. चारही बदलण्याचे कारण नाही.

ड्रम छपराखाली आडवा ठेवावा, दोन्ही झाकणे एका आडव्या रेषेत येतील अशा बेताने, म्हणजे ती आतल्या डिझेलखाली राहतील आणि बाहेरचे पाणी आत जाणार नाही. झाकणाची वॉशर तेवढी नवी घालावी, नाही तर डिझेल झिरपेल. आणि या गाडीत मात्र ड्रममधले डिझेल टाकणे बंदच करावे.

प्रश्न : १९९६ सालची, टर्बो नसलेली जुनी डिझेल जीप आहे. परतवाड्यात ठीक चालते, चिखलदऱ्याच्या चढाला लागली की पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. दोन वर्षांपूर्वी हौसेने मोठे टायर बसवले आहेत. हे वयाचे दुखणे समजावे काय?
— एक वाचक, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : काही भाग वयाचा, काही डोंगराचा आणि बराचसा टायरचा असावा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे आणि आपण त्याहून सातशे मीटरच्या आसपास खालून निघता. वर जाताना हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. टर्बो असलेल्या गाडीला हे फारसे जाणवत नाही, आपल्या जीपची तेवढी ताकद मात्र थेट कमी होते. मे महिन्यातील तापलेली हवा त्यात भर घालते.

टायरचा परिणाम याहून अधिक असू शकतो. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये चढण्याची गाडीची ताकद सुमारे नऊ टक्क्यांनी उतरते. मूळ मापाचे टायर एखाद्या ओळखीच्या जीपचे मागून घ्यावेत आणि एकदा घाट चढून पाहावे. एवढ्यानेच अर्धे उत्तर मिळेल.

या जीपमध्ये सेन्सर नाहीत, स्कॅनर नाही, आणि ही तिची जमेची बाजू आहे. बॉनेट उघडून, इंजिन बंद ठेवून, कोणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगावा आणि डिझेल पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो काय ते पाहावे. केबल ताणून लांबली असेल किंवा पेडलखालची चटई गोळा झाली असेल, तर लिव्हर दोन बोटे अलीकडेच थांबतो आणि चालकाला कळतही नाही. लिव्हर टेकत असेल तर झडपा उघडणाऱ्या टॅपेटचे अंतर आणि पंपाचे टायमिंग तपासून घ्यावे. शेवटी इंजिन गरम असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. तिथून धूर जोरात, धापा टाकल्यासारखा येत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चार सिलिंडरांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार कमी आला, तरच इंजिन खोलण्याचा विचार करावा, आणि चारही सारखे आले तर मूळ मापाचे टायर बसवून गाडी तशीच चालवावी.